जगाच्या तेलावर नेमकी पकड कुणाची?

उत्तरायण (धागाकर्ता)

तेलावर राज्य कुणाचं, असं विचारलं की बहुतेकांच्या तोंडी पहिलं नाव सौदी अरेबियाचं येतं. थोडं वाचन असलेला माणूस लगेच म्हणतो, छे, आता अमेरिका पहिली आहे. मला दोन्ही उत्तरं अर्धवट वाटतात, म्हणून हा धागा.

आधी आकडे. सगळे २०२४ च्या सुमाराचे आणि ढोबळ. एक बॅरल म्हणजे साधारण १५९ लिटर. अमेरिका रोज १ कोटी ३२ लाख बॅरल कच्चं तेल काढते. रशिया १ कोटीच्या जरा खाली, सौदी ९० लाखांच्या आसपास. जगात निघणाऱ्या दर पाच बॅरलांपैकी दोन या तिघांचे. त्यांच्यामागून कॅनडा, इराक, चीन, इराण, अमिराती, ब्राझील वगैरे. वापराच्या यादीतही अमेरिकाच वर: रोज २ कोटी बॅरलच्या किंचित पुढे, म्हणजे जगाच्या वापराचा एक पंचमांश. चीन १ कोटी ६० लाखांच्या पुढेमागे, भारत ५५ लाख.

दोन्ही याद्यांत एकच देश पहिला असेल तर वाद कसला? इथेच माझी गाडी अडते. पश्चिम टेक्सास आणि त्याला लागून असलेल्या न्यू मेक्सिकोत पसरलेलं पर्मियन खोरं घ्या. या एका खोऱ्यातून रोज ६० लाखांहून जास्त बॅरल निघतात, अख्ख्या इराकपेक्षा जास्त. पण ते किती निघावं हे कुणी एक माणूस किंवा एक कार्यालय ठरवत नाही. टेक्सासमध्ये जमिनीखालचं खनिज बहुतांशी खासगी मालकीचं असतं. शेकडो कंपन्या मालकांशी करार करून विहिरी खोदतात. भाव चांगला असला की खोदकाम वाढतं, पडला की खोदाईची यंत्रं (रिग) बंद पडून राहतात. त्यात शेलच्या, म्हणजे घट्ट खडक फोडून तेल काढणाऱ्या, विहिरीचं उत्पादन पहिल्या वर्षातच निम्म्याहून खाली घसरतं, त्यामुळे आहे तिथे टिकून राहायलाही सतत नवी विहीर लागते. राष्ट्राध्यक्षांनी 'वाढवा' म्हटलं म्हणून तेल वाढत नाही आणि 'थांबवा' म्हटलं म्हणून थांबत नाही.

आता सौदी. घवार हे जगातलं सर्वांत मोठं तेलक्षेत्र १९४८ मध्ये सापडलं आणि आजही त्यांचा कणा तेच आहे. एकच कंपनी, अरामको. तिच्यावर एकच सरकार. जानेवारी २०२४ मध्ये सरकारने कळवलं, की रोजची क्षमता १ कोटी ३० लाखांवर न्यायचा बेत सोडा, १ कोटी २० लाखांवरच राहा. बेत तिथेच थांबला. आणि त्या १ कोटी २० लाखांतलेही ९० लाखच बाहेर काढायचे, उरलेले ३० लाख झडप बंद करून जमिनीत ठेवायचे. माझ्या मते पकड त्या बंद झडपेत आहे. जो तेल न काढता बसू शकतो, त्याचं बाकीच्यांना ऐकावं लागतं.

हे काही अरबांनी शोधून काढलेलं नाही. १९३० मध्ये पूर्व टेक्सासमध्ये प्रचंड तेल लागलं, जो तो उपसत सुटला आणि बॅरलचा भाव काही सेंटांवर आला. ऑगस्ट १९३१ मध्ये गव्हर्नरला विहिरी बंद करायला नॅशनल गार्डचे सैनिक पाठवावे लागले. पुढे टेक्सास रेलरोड कमिशन नावाचं खातं प्रत्येक विहिरीचा वाटा ठरवू लागलं. नाव रेल्वेचं, काम तेलाचं. चाळीसएक वर्षं जगाच्या बाजाराचा तोल या खात्याने सांभाळला, कारण अमेरिकेकडे मुद्दाम बंद ठेवलेल्या विहिरी होत्या. ओपेक ही तेल निर्यातदार देशांची संघटना १९६० मध्ये बगदादला स्थापन झाली तेव्हा तिच्या संस्थापकांपुढे नमुना याच खात्याचा होता.

जून १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धात अरब देशांनी अमेरिका आणि ब्रिटनचं तेल तोडलं. काहीही फरक पडला नाही. अमेरिकेने बंद विहिरी उघडल्या, रोज सुमारे १० लाख बॅरल जास्त काढले आणि बहिष्कार विरून गेला. ऑक्टोबर १९७३ मध्ये तेच हत्यार पुन्हा उपसलं तेव्हा भाव ३ डॉलरवरून तीन महिन्यांत ११ डॉलरच्या पुढे गेला. मधल्या सहा वर्षांत काय बदललं? अमेरिकेचं उत्पादन १९७० मध्ये शिखरावर पोहोचून उतरू लागलं होतं. बंद ठेवायला विहिरीच उरल्या नव्हत्या. लक्षात घ्या, १९७३ मध्येही सर्वांत जास्त तेल काढणाऱ्या देशांत अमेरिका होतीच. यादीतली जागा फारशी हलली नव्हती, सत्ता मात्र गेली होती.

तुम्हाला काय वाटतं?

हिशेबी

चांगला धागा. फक्त सुरुवातीच्या आकड्यांत एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, नाहीतर पुढे सगळे वेगवेगळे तक्ते घेऊन भांडत बसतील.

तुम्ही उत्पादनाचा आकडा कच्च्या तेलाचा दिला आहे आणि वापराचा आकडा सगळ्या द्रवांचा. हे दोन शेजारी ठेवले की अमेरिका १ कोटी ३२ लाख काढते आणि २ कोटी जाळते, म्हणजे ७० लाखांची तूट, असे चित्र दिसते. ते बरोबर नाही. विहिरीतून तेलाबरोबर वायू येतो. त्या वायूतून इथेन, प्रोपेन, ब्युटेन असे घटक वेगळे काढतात. तेही 'तेल' या सदरात मोजले जातात. मक्यापासून केलेले इथेनॉल मोजले जाते. शिवाय शुद्धीकरणात जड तेल फोडून हलके केले की आकारमान वाढते, आत १०० बॅरल गेले तर बाहेर १०० हून जास्त पडतात, तोही फायदा जमेस धरतात. हे सगळे धरले तर अमेरिकेचे उत्पादनही २ कोटींच्या वर जाते. २०२० पासून कच्चे तेल आणि तयार माल एकत्र धरून हा देश निव्वळ निर्यातदार झाला आहे.

मात्र इथेनवर मोटार चालत नाही. ते प्लास्टिकच्या कारखान्यात जाते. म्हणून 'अमेरिका २ कोटी बॅरल तेल काढते' असे कुणी छाती फुगवून सांगितले तर त्यातले खरे कच्चे तेल किती, हे विचारावे. सौदीचेही तसेच, त्यांचे ९० लाख हे फक्त कच्चे. बाकीचे द्रव धरले तर आकडा १ कोटीच्या पुढे जातो.

जिज्ञासू

एक बाळबोध शंका. अमेरिका निव्वळ निर्यातदार आहे, तर मग तिथे रोज ६०-६५ लाख बॅरल कच्चं तेल आयात होतं असं का वाचायला मिळतं? घरचं असताना बाहेरून कशाला आणायचं?

भट्टी

बाळबोध नाही, हाच प्रश्न विचारायला हवा. मी बरीच वर्षं रिफायनरीत कोणतं क्रूड घ्यायचं या कामात होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कच्चं तेल ही एकच वस्तू नाही. काही इतकं पातळ असतं की जवळजवळ पेट्रोलसारखं वाहतं, काही इतकं घट्ट की गरम केल्याशिवाय पाइपातून सरकत नाही. काहीत गंधक नाममात्र, काहीत भरपूर. पातळ आणि कमी गंधकाचं ते 'लाइट स्वीट', घट्ट आणि गंधकाचं ते 'हेवी सावर'. घट्ट तेल स्वस्त मिळतं, पण त्याच्या तळाशी जो जड गाळ राहतो तो फोडायला कोकर लागतो, गंधक काढायला हायड्रोजनचे संच लागतात. हे संच उभारायला प्रचंड पैसा लागतो आणि एकदा उभारले की ते स्वस्त जड तेलावर चालले तरच परवडतात.

मेक्सिकोच्या आखाताच्या काठावरच्या अमेरिकन रिफायनऱ्यांनी १९८० आणि ९० च्या दशकांत नेमकं हेच केलं. त्या वेळी देशातलं उत्पादन घटत होतं आणि शेजारी व्हेनेझुएला आणि मेक्सिकोचं जड तेल मुबलक होतं. पैसा ओतून झाला आणि मग २०१० नंतर शेल आलं. ते निघालं अगदी पातळ. त्या रिफायनऱ्यांना नुसतं शेलचं तेल घातलं तर वरच्या बाजूला हलका भाग मावत नाही आणि खाली कोकर रिकामा बसतो. म्हणून व्यवहार असा झाला: आपलं हलकं तेल बाहेर विका, जड तेल आत आणा. कच्चं तेल निर्यात करायला अमेरिकेत १९७५ पासून बंदी होती, ती डिसेंबर २०१५ मध्ये उठली. आता रोज ४० लाख बॅरल बाहेर जातात आणि ६५ लाख आत येतात. आत येणाऱ्यांतलं निम्म्याहून बरंच जास्त कॅनडाचं.

यातून धाग्याच्या मूळ प्रश्नाला एक फाटा फुटतो. उत्पादनात कॅनडा चौथा आहे, अल्बर्टातल्या तेलवाळूचे साठे अफाट आहेत. पण त्याची पकड कितपत? जवळजवळ सगळं तेल एकाच गिऱ्हाइकाला, पाइपलाइनने. दुसरा मोठा रस्ता नव्हता, त्यामुळे वर्षानुवर्षं भावात मोठी सूट द्यावी लागली. मे २०२४ मध्ये ट्रान्स माउंटन पाइपलाइनचा विस्तार सुरू झाला आणि पॅसिफिकच्या काठावरून आशियाकडे भरपूर माल जायला वाट मिळाली, तेव्हा कुठे ती सूट कमी झाली. विहिरीत तेल आहे, पण विकायला एकच दार आहे, अशा देशाला मी तरी वरचढ म्हणणार नाही.

उत्तरायण

भट्टी, फार छान समजावलंत. कॅनडाच्या जोडीला व्हेनेझुएलाही घ्या. कागदावर जगातले सर्वांत मोठे साठे त्यांचे, ३०० अब्ज बॅरलच्या वर, सौदीपेक्षा जास्त. १९९० च्या दशकाच्या अखेरीला ते रोज ३० लाखांहून अधिक काढत होते. मग २००२-०३ चा संप, त्यानंतर सरकारी तेल कंपनीतल्या सुमारे १८ हजार लोकांना घरी पाठवलं गेलं. ओरिनोको खोऱ्यातलं डांबरासारखं तेल काढणं हे कसबी लोकांचं काम, आणि कसबी लोकच गेले. गुंतवणूक आटली, नंतर अमेरिकेचे निर्बंध आले. २०२४ मध्ये उत्पादन १० लाखांच्याही खाली होतं. साठ्यांची यादी डोळ्यांसमोर धरून जे देशांची ताकद मोजतात त्यांनी हे उदाहरण जरूर बघावं. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण ओपेकच्या पाच संस्थापकांपैकी हा एक देश आणि ती संघटना उभी करण्यात त्यांचा पुढाकार फार मोठा होता.

दर्यावर्दी

बंद झडपेचा मुद्दा पटला, पण त्यात एक भोक आहे. ती झडप कुठे आहे ते नकाशावर बघा.

सौदीची जवळजवळ सगळी मोठी क्षेत्रं देशाच्या पूर्व भागात, इराणच्या आखाताच्या बाजूला. तिथून बाहेर पडायचं तर होर्मुझची सामुद्रधुनी. सर्वांत अरुंद जागी ती ३३-३४ किलोमीटर आहे आणि मोठ्या जहाजांना जाण्यायेण्याच्या मार्गिका प्रत्येकी जेमतेम दोन सागरी मैलांच्या. २०२४ मध्ये तिथून रोज साधारण २ कोटी बॅरल तेल आणि तयार माल जात होता, म्हणजे जगाच्या वापराचा पाचवा हिस्सा. त्यातलं ८० टक्क्यांहून जास्त आशियाकडे: चीन, भारत, जपान, दक्षिण कोरिया.

सौदीकडे पूर्वेकडून तांबड्या समुद्रावरच्या यान्बूला जाणारी पाइपलाइन आहे. अमिरातीकडे हबशानपासून फुजैराला जाणारी आहे, ती सामुद्रधुनीच्या बाहेर उघडते. पण २ कोटींच्या मानाने या दोन्ही मिळून अपुऱ्या. कुवेत, कतार, बहारीन यांना तर दुसरी वाटच नाही, आणि इराकचं बहुतेक तेल बसऱ्याहूनच निघतं. जगातली जी काही राखीव क्षमता आहे ती सौदी, अमिराती, कुवेत, इराक यांच्याकडे, म्हणजे बहुतांशी या एका चिंचोळ्या वाटेच्या आत. ज्या दिवशी ती सर्वांत जास्त लागेल त्याच दिवशी ती अडकलेली असण्याची शक्यता जास्त. मग पकड सौदीची म्हणायची की पलीकडच्या काठावर बसलेल्या इराणची?

उत्तरायण

दर्यावर्दी, धोका आहे हे मान्य. पण रस्ता अडवण्याची ताकद आणि बाजार चालवण्याची ताकद यांत मी फरक करतो. सामुद्रधुनी रोखली तर इराणचं स्वतःचं तेलही तिथूनच जातं, आणि ते घेणारा मोठा गिऱ्हाईक चीन. ते हत्यार रोज वापरता येत नाही. झडप मात्र महिन्यामहिन्याला थोडी उघडता, थोडी मिटता येते.

१४ सप्टेंबर २०१९ ची गोष्ट घ्या. सौदीतल्या अबकैकवर ड्रोन आणि क्षेपणास्त्रांनी हल्ला झाला. घवारचं तेल वायू आणि गंधक काढून स्थिर करण्याचं काम याच एका ठिकाणी होतं. रोजचे ५७ लाख बॅरल क्षणात थांबले, सौदीच्या उत्पादनाच्या निम्म्याहून जास्त. सोमवारी बाजार उघडताच भाव भडकला. आणि दोनेक आठवड्यांत परत जागेवर आला, कारण अरामकोने साठ्यातून माल पुरवला आणि दुरुस्ती झपाट्याने उरकली. खिशात काहीतरी राखून असणं म्हणजे काय, हे त्या पंधरवड्यात दिसलं.

तटस्थ

सगळी चर्चा तेल काढणाऱ्यांभोवती फिरते आहे. धाग्याच्या प्रश्नाची दुसरी बाजू वापराची आहे आणि तिथे अमेरिकेचा २ कोटींचा आकडा मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. तो वीस वर्षं जवळपास तिथेच आहे. बाजार हलतो तो वाढीने, आणि २०१३ ते २०२३ या दहा वर्षांत जगाची तेलाची मागणी जितकी वाढली तिच्या निम्म्याहून अधिक वाढ एकट्या चीनची होती.

१९५९ मध्ये दाचिंगला तेल सापडलं आणि चीन बराच काळ स्वतःपुरतं काढून वर निर्यातही करत असे. १९९३ मध्ये तो निव्वळ आयातदार झाला. २०१७ मध्ये कच्च्या तेलाच्या आयातीत त्याने अमेरिकेला मागे टाकलं. आज रोज १ कोटी १० लाख बॅरलच्या आसपास तो बाहेरून आणतो. जगात इतकं कच्चं तेल दुसरा कुणी विकत घेत नाही. आणि उत्तरायण ज्याला न काढण्याची ताकद म्हणतात, तिची उलटी बाजू चीनकडे आहे: न घेण्याची ताकद. स्वस्त असताना तो टाक्या भरतो, महाग झालं की खरेदी आवरतो आणि साठ्यातून भागवतो. किती साठा आहे ते जाहीर करत नाही.

त्याहून मोठी गोष्ट अशी की २०२४ मध्ये चीनमध्ये विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी जवळपास निम्म्या विजेवर चालणाऱ्या किंवा प्लगने चार्ज होणाऱ्या होत्या. अवजड मालट्रक डिझेल सोडून द्रवरूप वायूवर जाताहेत. त्याच वर्षी त्यांची कच्च्या तेलाची आयात आदल्या वर्षीपेक्षा कमी झाली. करोना साथीची वर्षं सोडली तर गेल्या दोन दशकांत असं घडलं नव्हतं. रियाधमध्ये बसून झडप मिटणाऱ्याला हे बघून झोप लागत असेल असं वाटत नाही. तेल राखून ठेवायचं ते उद्या जास्त भावाने विकण्यासाठी. उद्याचा गिऱ्हाईकच आटू लागला तर राखण्याला अर्थ किती?

हिशेबी

तटस्थ यांचा मुद्दा वजनदार आहे, पण अमेरिकेचा वापर इतक्या सहज बाजूला सारू नये. दरडोई मोजून बघा. अमेरिकेत माणशी रोज साडेनऊ लिटरच्या आसपास. चीनमध्ये दोन लिटरच्या आत. भारतात अर्धा लिटरच्या थोडे वर. सौदीत पंधरा लिटरच्याही पुढे, कारण तिथे उन्हाळ्यात वीज बनवायला कच्चे तेलच जाळतात आणि पेट्रोकेमिकलचे कारखानेही मोठे आहेत.

अमेरिका नुसत्या मोटारींच्या पेट्रोलवर रोज सुमारे ९० लाख बॅरल खर्च करते. भारत आणि जपान हे दोन देश मिळून ट्रक, विमाने, स्वयंपाकाचा वायू, डांबर, प्लास्टिक, सगळ्या सगळ्या कामांसाठी जवळपास तितकेच वापरतात. म्हणजे वापर आवरण्याची सर्वांत मोठी संधी ज्याच्याकडे आहे तो देश अमेरिकाच आहे. ती वापरत नाही, ही वेगळी गोष्ट. १९७३ नंतर तिथे मोटारींसाठी इंधनबचतीचे नियम आले, वीजनिर्मितीतून तेल जवळजवळ हद्दपार झाले, आणि १९८० च्या दशकात ओपेकची कंबर मोडली ती याच मागणीच्या घटीने आणि उत्तर समुद्र, अलास्का इथल्या नव्या तेलाने. वापर करणाऱ्याने मनावर घेतले की काय होते, याचा पुरावा इतिहासात आहे.

जिज्ञासू

ओपेक प्लसवाले (ओपेक आणि रशियासारखे बाहेरचे काही देश) बैठका घेऊन भाव ठरवतात असं बातम्यांत असतं. मग सगळी सत्ता त्यांच्याकडेच नाही का?

भट्टी

भाव ठरवत नाहीत, किती काढायचं ते ठरवतात. आणि तेही सगळे पाळतातच असं नाही. इराक आणि कझाकस्तान वाट्यापेक्षा जास्त काढतात ही कायमची तक्रार आहे. कतार २०१९ मध्ये बाहेर पडला, अंगोला २०२४ च्या सुरुवातीला वाट्यावरूनच नाराज होऊन गेला.

नोव्हेंबर २०१४ मध्ये त्यांनी उलटा प्रयोग केला: काढणं कमी करायचं नाही, भाव पडू द्यायचा, म्हणजे महागडं शेल बुडेल. त्या जूनमध्ये ११५ डॉलर असलेला भाव जानेवारी २०१६ मध्ये ३० च्या खाली गेला. कित्येक शेल कंपन्या खरंच बुडाल्या. पण विहिरी बुडत नाहीत, त्या स्वस्तात दुसऱ्याच्या हाती जातात. वाचलेल्यांनी खर्च इतका उतरवला की पुढे शेल आणखी बळकट झालं. मग २०१६ च्या डिसेंबरमध्ये रशियाला सोबत घ्यावं लागलं. 'प्लस' आला तो ओपेक एकटी पुरी पडेना म्हणून.

उत्तरायण

आणि तरीही २०२० आठवा. मार्चमध्ये सौदी आणि रशियाचं बिनसलं, दोघांनी झडपा उघडल्या, आणि नेमकी त्याच वेळी साथीने जगाची मागणी कोसळली. २० एप्रिलला अमेरिकेतल्या मे महिन्याच्या सौद्याचा भाव शून्याखाली ३७.६३ डॉलरवर बंद झाला. ओक्लाहोमातल्या कुशिंगच्या टाक्यांत जागा उरली नव्हती, तेल घेऊन जा आणि वर पैसेही घ्या अशी वेळ. त्याआधीच अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी रियाध आणि मॉस्कोला फोन करून काढणं कमी करा म्हणून गळ घातली होती. मे महिन्यापासून रोज ९७ लाख बॅरलची कपात ठरली. मेक्सिको चार लाख कमी करायला तयार होईना, एक लाखावरच अडून बसला, त्यापायी सगळा करार काही दिवस लटकला होता.

जगात सर्वांत जास्त तेल काढणाऱ्या देशाला आपलं तेल वाचवायला दुसऱ्या दोघांना विनवावं लागलं. माझं म्हणणं याहून चांगलं मला मांडता येणार नाही.

तटस्थ

विनवलं, की दटावलं? अमेरिकेकडे विहिरींखेरीज दुसरी एक ताकद आहे आणि तिचा उल्लेख अजून कुणी केला नाही. तेलाचे सौदे डॉलरमध्ये होतात. टँकरांपैकी सुमारे ९० टक्के ज्या विमा संघांकडे आहेत ते मुख्यतः लंडन आणि युरोपातले. डिसेंबर २०२२ मध्ये जी-७ देशांनी रशियन तेलावर ६० डॉलरची मर्यादा घातली ती याच बळावर: त्याहून महाग विकलंत तर विमा नाही, जहाज नाही.

आणखी एक. जगातलं निम्म्याहून जास्त तेल ब्रेंटच्या भावाला जोडून विकलं जातं. ब्रेंट हे उत्तर समुद्रातलं क्षेत्र, ते आटत गेलं, तसतशी त्या मापात शेजारची क्षेत्रं घालत गेले. २०२३ पासून त्यात पर्मियनचं तेलही धरतात. म्हणजे आफ्रिकन माल कोणत्या भावाने जाईल हे बऱ्याचदा टेक्सासच्या बॅरलवरून ठरतं. ही पकड नाही तर काय?

दर्यावर्दी

भावमर्यादेने काय झालं तेही सांगा की. रशियाचं तेल थांबलं नाही, फक्त जहाजांची तोंडं फिरली. जुनी टँकर विकत घेऊन, मालकी लपवून वेगळा ताफाच उभा राहिला. युरोपला आठवडाभरात पोहोचणारा माल लांबच्या वाटेने आशियाकडे जाताना महिनाभर समुद्रात राहू लागला. भारताच्या आयातीत रशियाचा वाटा २०२२ पूर्वी दोन टक्क्यांच्या आत होता, तो वर्षभरात तिसऱ्या हिश्श्यावर गेला. त्याच तेलाचं डिझेल होऊन पुन्हा युरोपला गेलं. निर्बंधांनी रशियाच्या पदरात पडणारा पैसा कमी केला, हे खरं. पण तेल अडवता आलं नाही, कारण अडवणाऱ्यांनाही ते बाजारात हवंच होतं.

हिशेबी

उत्तरायण, तुमच्या बंद झडपेबद्दल शेवटचा एक प्रश्न, कारण सगळा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे. न काढण्याची किंमत असते. सौदीने कपात केली की ती जागा अमेरिका, ब्राझील, कॅनडा भरून काढतात. गयानात २०१५ मध्ये तेल सापडले, २०१९ च्या अखेरीस उत्पादन सुरू झाले आणि पाच वर्षांत ते रोज ६ लाखांच्या पुढे गेले. भाव सौदीने सावरायचा, फायदा त्यांनी घ्यायचा. म्हणूनच एप्रिल २०२५ पासून ओपेक प्लसमधल्या आठ देशांनी रोखून धरलेले २२ लाख बॅरल टप्प्याटप्प्याने परत सोडायला सुरुवात केली आणि सप्टेंबरपर्यंत ते कागदावर पूर्णही केले. कित्येकांना तेवढे वाढवता आले नाही, कारण त्यांच्याकडे वाढवण्यासारखे काही नव्हतेच.

आणि १ कोटी २० लाख हा आकडा सौदीने स्वतः दिलेला आहे. तिथवर ते खरोखर गेले ते एप्रिल २०२० मध्ये, भावयुद्धाच्या त्या एका महिन्यापुरते. वर्षभर सलग तेवढे काढून कुणी दाखवलेले नाही.

उत्तरायण

बरोबर, आणि वर्षभर काढून दाखवायची त्यांना इच्छाही नसणार, तेवढं काढलं तर राखीव काही उरणारच नाही. सगळेजण ती क्षमता आहे असं धरूनच सौदे करतात. २०२५ मध्ये सोडलेल्या तेलामुळे राखीव क्षमतेची गादी पातळ झाली आहे, हे मात्र मान्य. आता जे उरलंय ते जवळजवळ सगळं सौदी आणि अमिराती यांच्याकडे, आणि दर्यावर्दी म्हणतात तसं, अमिरातीची फुजैराची पाइपलाइन सोडली तर सामुद्रधुनीच्या आत. तटस्थ, चीनच्या साठ्यांबद्दल उपग्रहांच्या छायाचित्रांवरून टाक्यांच्या तरंगत्या छपरांची सावली मोजून अंदाज काढतात. त्यावर तुम्ही सविस्तर लिहा, कारण पुढच्या टंचाईत पहिला धक्का कोण सोसेल हे त्या टाक्यांवर बरंच अवलंबून राहील.